प्रयोगशाळेआधी वसतिगृह

छत्रपती संभाजीनगरात पाणचक्की ओलांडून विद्यापीठाकडे निघालं की नागसेनवन लागतं. कला, विज्ञान, विधी, अभियांत्रिकी अशी महाविद्यालयं, एक शाळा आणि मधेमधे वसतिगृहं. मागे लेण्यांचा डोंगर. सकाळच्या प्रॅक्टिकलच्या वेळी मिलिंद विज्ञान महाविद्यालयाच्या रस्त्यावर हातावर ॲप्रन टाकलेली, बगलेत जर्नल धरलेली मुलंमुली दिसतात. त्यांतल्या अनेकांच्या घरात याआधी कुणी ब्युरेट पाहिलेली नसते.

देशभरातल्या विज्ञान संस्थांना, अकादम्यांना आणि संशोधकांच्या संघटनांना सध्या एक प्रश्न छळतो आहे. आपल्यात सगळ्या थरांतली माणसं का नाहीत? बायका कमी का, दलित-आदिवासी जवळपास दिसत का नाहीत, जिल्ह्याच्या गावातून आलेला संशोधक फेलो म्हणून का निवडला जात नाही? यावर परिसंवाद होतात, ठराव होतात, समित्या बसतात. या शहरात मात्र १९५० सालीच या प्रश्नाचं एक उत्तर कामातून दिलं गेलं. ते उत्तर आजही पुरतं वाचलं गेलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून हा लेख.

आधी कोलकात्यातलं एक वसतिगृह पाहू. मेघनाद साहा ढाक्याजवळच्या शेवडातळी गावातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा. प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकायला आला आणि ईडन हिंदू हॉस्टेलमध्ये राहिला. त्याची जात खालची, म्हणून त्याच्याबरोबर एका दालनात जेवायला काही सवर्ण मुलांनी नकार दिला. सरस्वतीपूजेतही त्याला बाजूला ठेवलं गेलं. पुढे १९२० साली याच साहांनी ताऱ्यांच्या वातावरणातल्या अणूंचं आयनीभवन उलगडणारं समीकरण मांडलं. ताऱ्याच्या वर्णपटावरून त्याचं तापमान कळण्याची वाट त्यातून मोकळी झाली. १९२७ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.  त्यांना अडवलं गेलं ते जेवणाच्या पंगतीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तोवर कोलंबियात शिकून आले होते. तरीही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातलं पाणी त्यांनी प्यावं, याला तिथल्या काही सहकाऱ्यांची हरकत होती. पदवी, पुस्तकं, भाषा, सगळं जवळ असून तहान मात्र जातीच्या हिशेबात मोजली गेली. अशा माणसाने पुढे कॉलेजं काढायला घेतली, तेव्हा त्याच्या डोक्यात पहिल्यापासून राहण्याजेवण्याचा प्रश्न होता, यात नवल नाही.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झालं, आणि १९५० च्या जूनमध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या संभाजीनगरात, सोसायटीचं दुसरं महाविद्यालय उघडलं. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. निजामाच्या राज्यातून मराठवाडा मोकळा होऊन तेव्हा पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. औरंगाबादेत १९२३ पासूनचं एक सरकारी कॉलेज होतं, पण पदवीपर्यंत शिकायचं तर बहुतेकांना हैदराबाद गाठावं लागे. खेड्यातल्या महारवाड्यातल्या मुलासाठी तर औरंगाबादही परदेशच होतं. शहरात कुणी खोली देईना, खाणावळीत कुणी ताट वाढीना. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. बाबासाहेबांनी जागेची निवड, इमारतीचा आराखडा, झाडं, सगळ्यात स्वतः लक्ष घातलं. वर्गखोल्यांइतकीच वसतिगृहांची काळजी घेतली.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण ती हमखास विसरली जाते. हे कॉलेज फक्त दलित मुलांसाठी नव्हतं. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस कायस्थ प्रभू कुटुंबातले. शिकवणारे आणि शिकणारे अनेक जातींतले होते. कोपऱ्यात वेगळी शाळा काढून मागासांची सोय लावणं, हा प्रकार बाबासाहेबांना नको होता. ज्याच्यासाठी दार कधीच उघडत नव्हतं, त्याला मध्यभागी ठेवून सगळ्यांसाठी संस्था उभी करायची, ही त्यांची रीत. आज अकादम्या ‘समावेश’ म्हणतात तेव्हा बहुतेकदा आधी उभ्या असलेल्या घरात एखादी जादा खुर्ची मांडतात. नागसेनवनात घरच नव्याने बांधलं गेलं.

त्या घराला पैशाचा आधार होता तो भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा. १९४४ साली ती सुरू झाली तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. शिष्यवृत्ती आणि वसतिगृह, या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि मराठवाडा-विदर्भातल्या मुलांची एक पिढीच्या पिढी नागसेनवनात येऊन राहिली. ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक याच शहरातून निघालं. दलित साहित्याची चळवळ इथे वाढली, हे आपण जाणतो. त्या पिढीतून शास्त्रीय संशोधनात काय आलं, याची मात्र आपल्या साहित्यप्रेमी महाराष्ट्राने फारशी चौकशी केली नाही.

त्यातलं एक नाव सुखदेव थोरात. अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूर गावचे, जन्म १९४९ चा. मिलिंद कला महाविद्यालयातून बी.ए., मराठवाडा विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए. याच शहरात काही वर्षं प्राध्यापकी केली आणि मग दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात गेले. २००६ ते २०११ या काळात ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. पण त्यांचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं काम या पदाबाहेरचं आहे.

ते काम समजण्यासाठी एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. विज्ञान शाखेत शिकलेल्या प्रत्येकाने तो पाहिलेला आहे. प्रॅक्टिकलची परीक्षा चालू आहे. टेबलावर ब्युरेट, पिपेट, कोनिकल फ्लास्क. टायट्रेशनचा एंड पॉइंट नीट आलेला आहे, जर्नल सर्टिफाय झालेलं आहे. आता व्हायवा. बाहेरून आलेले परीक्षक, म्हणजे ‘एक्स्टर्नल’, खुर्चीत बसलेत. मुलगी नाव सांगते. ते आडनाव विचारतात. आडनाव सांगितल्यावर गाव विचारतात. गावावरूनही अंदाज लागला नाही तर पुढचा प्रश्न येतो, ‘म्हणजे मूळचे कुठले?’ फिनॉल्फ्थॅलीनचा रंग का बदलतो, हा प्रश्न त्यानंतर. तोवर मुलीचा घसा कोरडा पडलेला असतो. गुण कमी पडले तर ते कशाने पडले, हे तिला कधीच सिद्ध करता येत नाही. परीक्षकाला तरी आपण काय केलं हे कळलेलं असतं का, कोण जाणे.

हे सिद्ध करता येईल का? थोरात आणि अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी हाच प्रश्न प्रयोगाला लावला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी अर्ज पाठवले. पात्रता सारखी, अनुभव सारखा. फक्त नावं वेगळी. एक नाव उच्चवर्णीय हिंदू वाटेल असं, एक दलित वाटेल असं, एक मुस्लिम. मग पुढच्या टप्प्यासाठी कुणाला बोलावणं येतं ते मोजलं. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सवर्ण नावाच्या उमेदवाराच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश, मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. एरवी ‘तुम्हाला तसं वाटलं असेल’ म्हणून उडवून लावलेला अनुभव पहिल्यांदाच आकड्यात उतरला.

विज्ञान संस्थेत वेगवेगळ्या थरांतली माणसं कशाला हवीत, असं कुणी विचारलं तर मी हे संशोधन पुढे करीन. कायद्याचा आणि न्यायाचा मुद्दा आहेच, पण तो बाजूला ठेवला तरी चालेल. हा प्रयोग याआधी सुचण्याची शक्यता कुणाला होती? ज्याला आडनाव कधी आडवं आलं नाही, त्याच्या टेबलावर हा प्रश्न येतच नाही. प्रश्न विचारणारे एकाच मोहल्ल्यातले असतील तर शास्त्र त्या मोहल्ल्यापुरतंच शहाणं होतं.

त्याच वर्षी, २००७ मध्ये, थोरात यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने दिल्लीच्या एम्समधल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारींवरचा अहवाल दिला. विद्यार्थ्यांनी समितीला सांगितलेल्या अनुभवांत दोन जागा पुन्हा पुन्हा येतात. एक व्हायवा. दुसरी वसतिगृह. त्रासाला कंटाळून मुलं खोल्या बदलत गेली आणि शेवटी ठराविक मजल्यांवर एकत्र गोळा झाली, असं त्यांचं म्हणणं होतं. साहांच्या पंगतीनंतर जवळपास शतकाने, देशातल्या सर्वोच्च वैद्यकीय संस्थेबाबत हे सांगितलं गेलं. आणि ते ऐकून, नोंदवून घेणारा माणूस नागसेनवनात शिकलेला होता.

आता अकादम्यांकडे वळू. इथे कमला सोहोनींची गोष्ट टाळता येत नाही. माहेरच्या कमला भागवत. मुंबई विद्यापीठातून १९३३ साली रसायनशास्त्रात पदवी घेऊन त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून नकार आला. कमलाबाई बंगळुरूला जाऊन धडकल्या आणि हटून बसल्या. प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, आणि त्यांच्यामुळे संस्थेतल्या पुरुष संशोधकांचं चित्त विचलित होता कामा नये. वर्षभराने रामन यांना त्यांच्या कामाची कदर करावी लागली, आणि संस्थेचं दार पुढच्या मुलींसाठी उघडलं. कमलाबाईंनी १९३९ साली केंब्रिजमधून पीएच.डी. घेतली. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असतं, हे त्यांनी दाखवून दिलं होतं. पुढे मुंबईत त्यांनी संशोधनासाठी काय निवडलं पाहा: कडधान्यं, दूध, नीरा. गरिबाच्या ताटातलं पोषण.

रामन यांनी १९३४ साली, म्हणजे या प्रकरणाच्या दुसऱ्याच वर्षी, भारतीय विज्ञान अकादमी स्थापन केली आणि आपल्या मृत्यूपर्यंत, १९७० पर्यंत, तिचे अध्यक्ष राहिले. याच अकादमीने १९३५ साली वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना फेलो म्हणून निवडलं, हेही नोंदवलं पाहिजे. माणसं आणि संस्था एकरंगी नसतात. पण अपवादाने निवडलेली एक स्त्री आणि बदललेली रीत यांत फार अंतर असतं. लंडनच्या रॉयल सोसायटीला पहिल्या दोन स्त्रिया निवडायला १६६० पासून १९४५ पर्यंत वेळ लागला. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी १९३५ सालची. तिला पहिली महिला अध्यक्ष मिळाली २०२० साली, चंद्रिमा शाहा.

हे इतकं सावकाश का होतं, याचं कारण निवडीच्या पद्धतीत आहे. अकादमीचा फेलो व्हायचं तर साधारणपणे आधीच्या फेलोंनी तुमचं नाव सुचवावं लागतं. नाव सुचवायचं तर तुम्ही त्यांना माहीत असायला हवं. माहीत होण्यासाठी त्यांच्या संस्थेत, त्यांच्या परिषदेत, त्यांच्या चहाच्या टेबलावर तुम्ही भेटलेलं असायला हवं. यात कुणी वाईट हेतूने काही करायची गरजच नाही. सज्जन माणसं आपल्या ओळखीतली चांगली नावं सुचवत राहतात आणि पन्नास वर्षांनी यादी पाहावी तर तीच गावं, तीच घराणी. ‘नेचर’ने जानेवारी २०२३ मध्ये भारतातल्या विज्ञानक्षेत्राची जातवार आकडेवारी छापली. देशातल्या अग्रगण्य पाच आयआयटींमध्ये प्राध्यापक या सर्वोच्च पदावर ९८ टक्के लोक वरच्या मानलेल्या जातींतले होते. याला गुणवत्ता म्हणायचं असेल तर ती जातीच्या रेषेवर इतकी नेमकी का थांबते, याचं उत्तर देण्याची जबाबदारी गुणवत्तेचा दाखला देणाऱ्यांवर आहे.

भारतीय विज्ञान अकादमीने २००८ साली ‘लीलावतीज् डॉटर्स’ हे पुस्तक काढलं. सुमारे शंभर भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या वाटचालीची ती ओळख. संपादक होते रोहिणी गोडबोले आणि राम रामस्वामी. गोडबोले पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या, कणभौतिकीतल्या जगन्मान्य संशोधक. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या. स्वतःचं संशोधन सांभाळून विज्ञानातल्या मुलींसाठी त्या अखेरपर्यंत झटत राहिल्या. २०१९ साली हैदराबाद विद्यापीठातल्या परिषदेत भारतीय भौतिकशास्त्र संघटनेच्या लिंगभावविषयक गटाच्या पुढाकाराने ‘हैदराबाद सनद’ तयार झाली. भौतिकशास्त्रातली विषमता ही बायकांची उणीव नाही, संस्थांच्या वागण्याचा परिणाम आहे, ही त्या सनदेमागची भूमिका. पुढच्याच वर्षी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने ‘गती’ हा कार्यक्रम आणला; ब्रिटनच्या ‘अथेना स्वान’च्या धर्तीवर संस्थांनी स्वतःचंच मूल्यमापन करायचं, असा.

चांगली पावलं आहेत ही. पण मला सर्वांत जवळची वाटते ती एक जुनी आणि कमी गाजलेली संस्था. भारतीय महिला वैज्ञानिक संघटना, स्थापना १९७३, मुख्यालय वाशी. संशोधन करणाऱ्या बायकांची ही संघटना. तिने व्याख्यानं, चर्चासत्रं भरवलीच, पण त्याबरोबर नोकरदार महिलांसाठी वसतिगृह उभारलं आणि पाळणाघर चालवलं. प्रयोग अर्धवट टाकून बाई साडेपाचला का निघते, हे त्या बायकांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी मूल सांभाळायची सोय आधी केली. नागसेनवन आणि वाशी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण अडचण स्वतः सोसलेल्या माणसांनी संस्था काढली की ती कुठून सुरुवात करते, हे दोन्हीकडे सारखंच दिसतं.

परत या शहरात येऊ. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झालं. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने त्याला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठ गेटवर लोटणारी गर्दी आणि पुस्तकांचे स्टॉल पाहिले की कळतं, विद्यापीठ म्हणजे काय हे या माणसांना कुणी शिकवायला नको. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी माणसं मेली, तिथे शिकायला येणारं पोर फेलोशिपच्या हप्त्यासाठी उपोषणाला बसतं, हे मला सहन होत नाही. ‘पेट’ ही पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा पास व्हायची, गाइड मिळवायचा, सिनॉप्सिस विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे, म्हणजे आरआरसीपुढे, मांडायचा, एवढं करून बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपवर विसंबायचं, आणि ती पूर्ण व वेळेवर मिळावी म्हणून मुंबईत आझाद मैदान गाठायचं. या आंदोलनांच्या बातम्या गेली काही वर्षं महाराष्ट्र वाचतो आहे. दर महिन्याला पैसे आले नाहीत तर श्रीमंत घरचा मुलगा थांबू शकतो. शेतमजुराची मुलगी थांबू शकत नाही. ती तासिका तत्त्वावर शिकवायला लागते आणि प्रयोग पडून राहतो.

दुसरी अडचण भाषेची, आणि ती या शहराला नवी नाही. १९१८ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानसुद्धा उर्दूत शिकवलं जात होतं. मौलवी अब्दुल हक यांच्या अंजुमन तरक्की-ए-उर्दूचं ठाणं बरीच वर्षं याच औरंगाबादेत होतं. देशी भाषेत उच्च विज्ञान शिकवता येतं हे त्या प्रयोगाने दाखवलं. पण त्याच राज्यात मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्यांना ती भाषाही परकीच होती. आज उर्दू शाळेतून आलेली मुलगी आणि जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेला मुलगा, दोघंही इंग्रजी सेमिनारमध्ये सारखेच गप्प बसतात. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान पोचवते आहे, मोलाचं काम आहे ते. पण शोधप्रबंधाच्या व्हायवात ‘मराठीत सांगितलं तरी चालेल’ हे एक वाक्य परीक्षकाने उच्चारलं, तर किती जणांचं खरं ज्ञान बाहेर येईल! पेपर इंग्रजीत लिहायला शिकवता येतं. विचार करायची हिंमत एकदा मोडली की ती शिकवता येत नाही.

या अडचणींतही विद्यापीठाच्या आवारात डीएनए बारकोडिंगचं केंद्र उभं आहे. ही पद्धत २००३ साली मांडणारे कॅनडाचे शास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांचंच नाव त्याला दिलेलं आहे. सजीवाच्या पेशीतला डीएनएचा छोटा तुकडा वाचून प्रजाती ओळखायची, असं हे शास्त्र. त्यासाठी नमुन्यांचा संग्रह लागतो, आणि ओढ्यानाल्यातला मासा कुठे मिळतो हे ज्याला ठाऊक आहे, तो माणूस संग्रहासाठी लाखमोलाचा. जिल्ह्याच्या विद्यापीठात जागतिक दर्जाचं काम होऊ शकतं, याला आणखी पुरावा कशाला हवा?

आणि आता मराठवाड्यापुढे मोठी परीक्षा येते आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांत निर्वात पोकळी आणि लेझर. जगभरचे शास्त्रज्ञ तिथे येतील. त्या भुजांच्या कडेला ज्यांची शेतं आहेत त्यांची मुलं तिथे कोणत्या कामावर असतील, हे आतापासून ठरतं आहे. सुरक्षारक्षक आणि वाहनचालक म्हणून ती नक्की लागतील. नियंत्रण कक्षात बसायची असतील तर आज आठवीत असलेल्या मुलीसाठी हिंगोलीत वसतिगृह हवं, शाळेत प्रयोगशाळा हवी, आणि दहा वर्षांनी वेळेवर फेलोशिप हवी. तिला चालता येत नसेल तर रॅम्प आणि बसून काम करता येईल असं टेबल हवं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तो तिचा हक्क आहे. यासाठी नवा सिद्धांत लागत नाही. १९५० साली याहून फार कमी पैशांत हे करून दाखवलेलं आहे.

हा लेख वाचणाऱ्यांत अकादम्यांचे फेलो असतील, विद्यापीठांच्या निवड समित्यांवरचे लोक असतील, व्हायवाला एक्स्टर्नल म्हणून जाणारे प्राध्यापक तर नक्कीच असतील. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या व्हायवात आडनाव आणि गाव विचारू नका. थेट विषयावर या, आणि मराठीत उत्तर आलं तर ऐकून घ्या. अकादमीसाठी नाव सुचवायचं असेल तेव्हा आपल्या ओळखीच्या यादीबाहेरचं, एखाद्या राज्य विद्यापीठातल्या विभागाचं, एक तरी नाव पाठवा. ते कुठे शोधायचं असं वाटलं तर संभाजीनगरला या, विद्यापीठ गेटमधून आत जा आणि कुठल्याही विज्ञान विभागाचा जिना चढा.